कामावरून घरी चांगलं काय येतं?

पाऊलवाट

नोकरी आणि घर हा विषय निघाला की आपण लगेच तक्रारीच्या सुरात जातो. वेळ पुरत नाही, दमायला होतं, डोक्यातून काम जात नाही. हे सगळं खरं आहे आणि त्यावर इथे भरपूर बोलून झालंय. मला आज दुसऱ्या बाजूबद्दल विचारायचं आहे.

मी कर्मचारी प्रशिक्षणात काम करते, त्यामुळे या विषयावरचं बरंच वाचावं लागतं. १९८५ साली जेफ्री ग्रीनहाउस आणि निकोलस ब्यूटेल यांनी काम आणि कुटुंब यांच्यातल्या ओढाताणीचे तीन प्रकार मांडले: वेळेची, ताणाची आणि वागण्याची. वागण्याची म्हणजे कामावर जो करडेपणा लागतो तो घरी चालत नाही. ही मांडणी आजही सगळीकडे वापरतात. पण त्याच ग्रीनहाउस यांनी २००६ मध्ये गॅरी पॉवेल यांच्यासोबत उलटा प्रश्न घेतला: एका ठिकाणी जे मिळतं ते दुसऱ्या ठिकाणी कामी कसं येतं? त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक सरळ वाट, म्हणजे शिकलेलं कौशल्य, ओळखी, पैसा, वेळेची मुभा थेट घरी वापरता येते. दुसरी मनाची. काम मनासारखं झालं की माणूस खुशीत घरी येतो आणि त्याचा वाटा घरच्यांनाही मिळतो.

माझं मत असं, की ही दुसरी वाट आपोआप उघडत नाही. कामात जीव रमायला हवा हे आहेच, पण पाठीशी कुणीतरी असणं त्याहून महत्त्वाचं. साहेब, सहकारी, घरचं माणूस, कुणीही. आधार नसेल तर कामात रमणारा माणूस घरापासून तुटत जातो.

तुमच्याकडे कामावरून घरी काय चांगलं आलं? आणि ते कुणाच्या आधारामुळे येऊ शकलं?

सहजच

मस्त विषय. आधी सगळ्यांचं वाचतो, मग लिहितो.

रात्रपाळी

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. पाळी संपताना रुग्ण पुढच्या सिस्टरच्या हवाली करतो तेव्हा आम्ही ठरलेल्या क्रमाने बोलतो. आत्ता काय चाललंय, आधीचं काय, मला काय वाटतं, पुढे काय करायला हवं. ही चार टप्प्यांची पद्धत अनेक देशांतल्या रुग्णालयांत वापरतात. ती मुळात अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून आलेली आहे. दमलेल्या माणसाच्याही तोंडून काही सुटू नये म्हणून क्रम ठरवलेला असतो.

सासऱ्यांना विस्मरणाचा आजार झाला तेव्हा मी आणि नवरा आळीपाळीने त्यांच्याजवळ थांबायचो. रोज खटके उडायचे. गोळी दिली की नाही, ते झोपले होते की नुसते पडून होते, कुणाला काय सांगितलं. मग मी घरीही तोच क्रम सुरू केला. दोघांपैकी एक बाहेर पडायच्या आधी दारातच दोन मिनिटं. नवऱ्याला आधी ते विचित्र वाटलं, पण आठवड्याभरात तोच मला थांबवून सांगायला लागला, 'मला काय वाटतं ते राहिलं.' नणंद मदतीला आली तेव्हा तिला त्यानेच शिकवलं. गोळ्यांवरून होणारं भांडण आमच्या घरातून गेलं.

आता आधाराचं. हे सगळं करायला अंगात त्राण लागतं, आणि ते राहिलं आमच्या इन्चार्ज सिस्टरमुळे. ड्यूटी लावण्याआधी त्या प्रत्येकीला विचारतात. अदलाबदल आपापसांत ठरवा, वहीत लिहा, मला नुसतं दाखवा, एवढाच त्यांचा नियम. याआधी मी दुसऱ्या एका रुग्णालयात होते. काम तेच, कामाची आवडही तीच. पण तिथे एक पाळी बदलून मागितली तरी सगळ्यांसमोर बोलणी खावी लागत, आणि घरी आल्यावर मला कुणाचा आवाजसुद्धा नकोसा व्हायचा. म्हणून पाऊलवाटचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

खडूफळा

रात्रपाळी, फार उपयोगी प्रतिसाद. माझ्या बहिणीला पाठवतोय, तिच्याकडे हेच चाललंय.

पट्ट्यावरचा

सिस्टरचं काम मोठं आहे, त्याबद्दल आदरच आहे. पण या धाग्यात एक गोष्ट धरून चालल्यासारखी वाटते, ती म्हणजे काम रमण्यासारखं असतं. मी पॅकिंग लाइनवर आहे. खोका येतो, बंद करायचा, लेबल लावायचं, पुढे ढकलायचा. वेग मशीन ठरवतं. यात जीव कुठे आणि कसा रमवायचा?

मी घरी पगार आणतो. त्यावर घर चालतं, पोरगा शिकतो. ते चांगलं नाही का? की आनंदाने उड्या मारत घरी आलं तरच धरायचं?

पाऊलवाट

पट्ट्यावरचा, पगार नक्कीच धरायचा. त्या २००६च्या लेखात पैशाला स्वतंत्र जागा दिलेली आहे. महिनाअखेरीची धास्ती नसणं हे घराला मिळालेलं फार मोठं देणं आहे, आणि ते आणणाऱ्याने ते कमी लेखू नये. तुमचा रमण्याचा मुद्दा मात्र खरा आहे. त्यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही, इतरांनी लिहावं.

गणिती

पट्ट्यावरचा यांच्या मुद्द्याला मोठा पाया आहे. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये दाखवलं की नुसत्या कामाच्या भाराने माणूस पिचत नाही. भार जास्त आणि स्वतः ठरवायची मुभा कमी, ही जोडी त्याला पिचवते. वेग मशीनच्या हातात असणं हे त्याचं अगदी नेमकं उदाहरण. पुढे १९८८ मध्ये जेफ्री जॉन्सन आणि एलन हॉल यांनी त्यात तिसरी गोष्ट घातली: कामावरचा आधार. भार आहे, मुभा नाही आणि जवळ बोलायलाही कुणी नाही, ही सगळ्यांत वाईट अवस्था. म्हणजे मुभा वाढवणं आपल्या हातात नसेल तरी तिसरा धागा उरतो. लाइनवर शेजारी कोण उभं आहे यानेही घरी येणारा माणूस बदलतो.

काठावरची

मी इथे फार लिहीत नाही, पण हा विषय माझ्या घरातला आहे.

माझा नवरा संशोधक आहे. काम त्याचं अतिशय आवडीचं, वरिष्ठ चांगले, सहकारी जिवाभावाचे. पाऊलवाट, तुमच्या दोन्ही अटी पूर्ण. आणि तरी तो घरी असतो तेव्हा घरात नसतो. मुलगा काहीतरी सांगत असतो आणि याचे डोळे भिंतीवर. तो चिडत नाही, ओरडत नाही, दुष्ट तर मुळीच नाही. त्याचं सगळं सत्त्व तिकडेच खर्च होऊन येतं. घराला मिळतो तो उरलेला माणूस. त्याच्या त्या रमण्यामागे आधार कुणाचा? माझा. आजारपणं, शाळेच्या सभा, बिलं, दुरुस्त्या मी बघते, माझी नोकरी सांभाळून. आधार घराने द्यायचा आणि रमायचं त्याने, यात घर कसं समृद्ध होतं ते मला कुणीतरी सांगा.

मधली_फळी

काठावरची, नेमकं लिहिलंत. याच्याकडे दुर्लक्ष करून हा धागा पुढे जाऊ नये.

गणिती

काठावरची, संशोधकांनाही हे दिसलेलं आहे. जोनाथन हालबेस्लेबेन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये याच प्रश्नावर निबंध लिहिला: माणूस कामात इतका गुंततो का की ते घराच्या आड येतं? उत्तर होय आलं. कामात गुंतलेले लोक कामासाठी आपणहून जास्तीचं करत राहतात. सहकाऱ्याला मदत, जास्तीची जबाबदारी, थांबून काहीतरी पुरं करणं. त्या जास्तीच्या करण्यातून घराचा वाटा जातो.

दुसरा भेद विल्मार शौफेली आणि त्यांचे सहकारी करतात. कामात रमलेल्याकडे तीन गोष्टी असतात: उत्साह, कामाबद्दल आस्था, तल्लीनता. कामाचं व्यसन लागलेला माणूसही तितकेच तास काम करतो, पण त्याला आतून कुणीतरी ढकलत असतं. थांबला की बेचैन होतो. पहिल्याला थांबता येतं, दुसऱ्याला नाही.

काठावरची

गणिती, भेद पटला. पण घरात बसलेल्या माणसाला तो बाहेरून कसा कळणार? माझ्या दृष्टीने दोघेही संध्याकाळी घरात नाहीत.

रात्रपाळी

मी एक खूण सांगू का? आमच्याकडे दोन्ही प्रकारच्या सिस्टर आहेत. रमलेलीला कामाबद्दल विचारलं तर ती खुलून सांगते. दुसरीला विचारलं तर ती म्हणते, 'काही नाही ग, नेहमीचंच,' आणि फोन बघते. तुमचे मिस्टर सांगतात का?

काठावरची

कुणी विचारलं तर सांगत असतील. विचारत कुणी नाही हेही खरं. मला तरी संध्याकाळी विचारायची ताकद नसते.

सहजच

थोडं हलकं. माझी भाची ऑफिस-ऑफिस खेळते. सगळ्या बाहुल्यांना ओळीने बसवलं आणि म्हणाली, 'तुमचा आवाज येत नाहीये, म्यूट काढा.' बाहुल्यांनी काढला नाही म्हणून मीटिंग पुढे ढकलली.

खडूफळा

सहजच, भाचीला शाबासकी द्या :)

पण यात मोठी गोष्ट दडलेली आहे. मुलं आपलं काम बघून बघूनच समजून घेतात, आपण समजावून सांगतो म्हणून नाही. एलन गॅलिन्स्की यांनी १९९९ मध्ये अमेरिकेतल्या १,०००हून अधिक मुलांना विचारलं होतं, की आईवडिलांच्या कामाचा तुमच्यावर जो परिणाम होतो त्यात एकच गोष्ट बदलता आली तर काय बदलाल? पालकांना वाटलं होतं मुलं जास्त वेळ मागतील. सगळ्यांत जास्त मुलांनी मागितलं ते हे, की आईबाबा कमी दमलेले आणि कमी ताणात असावेत.

वर्गात मला हे रोज दिसतं. 'बाबांनी आज पूल तपासला' असं सांगणाऱ्या मुलाच्या आवाजात एक ताठ मान असते. आणि 'बाबांना काही विचारायचं नाही, ते दमून आलेत' असं सांगणारी मुलंही असतात. दोघांचे वडील तितकाच वेळ घरी असू शकतात.

काठावरची

खडूफळा, ते संशोधन वेळेला कमी लेखायला वापरू नका एवढीच विनंती. ज्या मुलांना पुरेसा वेळ मिळतो ती वेळ मागणार नाहीत.

खडूफळा

मान्य. वेळ हवाच. मी त्या वेळात कोणता माणूस बसलेला असतो याबद्दल म्हणत होतो.

मधली_फळी

मी एका टीमचा प्रमुख आहे, वर साहेब आणि खाली माणसं. आधाराबद्दल माझ्या बाजूने लिहितो.

लेस्ली हॅमर आणि एलन कोसेक यांनी वरिष्ठांच्या आधाराचे चार भाग केले आहेत. घरचं ऐकून घेणं, प्रत्यक्ष अडचण सोडवणं, स्वतःच्या वागण्यातून दाखवणं, आणि कामाची मांडणीच अशी करणं की काम आणि घर दोन्हीला सोयीचं होईल. पहिलं सगळेच करतात, कारण मान डोलावायला काही पडत नाही. तिसरं सगळ्यांत कमी होतं आणि माझ्या मते त्याचाच परिणाम जास्त. मी संध्याकाळी निघताना गुपचूप निघत नाही. 'मुलीला आणायला जातोय' असं टीमला सांगून निघतो. रात्री काही सुचलं तर लिहून ठेवतो, पाठवतो सकाळी. कारण मी रात्री मेल पाठवून 'उत्तर उद्या दिलं तरी चालेल' असं लिहिलं, तरी माणूस रात्रीच उत्तर देतो.

चौथ्या भागासाठी आम्ही प्रत्येक कामाला दोन माणसं जोडली. एकाच्या घरी काही निघालं तर दुसऱ्याला ते काम आधीच माहीत असतं. रजा मागताना उपकार मागितल्यासारखं वाटत नाही. यात माझा वेळ गेला, वरून प्रश्नही आले, पण माणसं टिकली.

नाव_नको

मधली_फळी, तुमच्यासारखा साहेब सगळ्यांना मिळो. मी जिथे होते तिथे कागदावर सगळं होतं. लवचीक वेळ, कुटुंबासाठी रजा, सगळं. आईच्या शस्त्रक्रियेसाठी ती रजा घेतली आणि वर्षअखेरीच्या मूल्यमापनात 'बांधिलकी वाढवण्याची गरज' असा शेरा आला. त्यानंतर टीममधल्या कुणीही ती रजा मागितली नाही. धोरण तसंच छापलेलं आहे.

पाऊलवाट

नाव_नको, वाचून फार वाईट वाटलं. आणि हेच मी प्रशिक्षणात सांगायचा प्रयत्न करत असते. धोरण असणं आणि ते वापरायला माणसाला भीती न वाटणं यांत अंतर असतं, आणि ते बहुतेक वेळा थेट वरिष्ठाच्या हातात असतं.

सहजच

थोडं अवांतर: घरून काम करणारे काम आणि घर वेगळं ठेवतात की मिसळू देतात? मला मिसळलेलं आवडतं. मधेच उठून भाचीशी खेळतो, रात्री तासभर काम करतो. बायकोला ते अजिबात चालत नाही. तिचा लॅपटॉप मिटला की मिटला.

गणिती

अवांतर नाहीये. क्रिस्टीना निपर्ट-एंग यांनी १९९६ मध्ये याच दोन टोकांचं वर्णन केलंय, सगळं मिसळून जगणारे आणि कुंपण घालणारे. दोघंही सुखात राहू शकतात. त्रास होतो तो आपल्या स्वभावाविरुद्धचं कामाचं ठिकाण वाट्याला आलं की.

खडूफळा

आणखी एक निरीक्षण टाकतो. रीना रेपेटी यांनी १९८९ मध्ये विमानांची वाहतूक नियंत्रित करणाऱ्या लोकांचा अभ्यास केला. ज्या दिवशी कामाचा ताण जास्त, त्या संध्याकाळी ती माणसं घरात गप्प आणि अलिप्त असत. जोडीदाराने ती माघार समजून घेतली, तेवढा वेळ मोकळं सोडलं, तर सावरायला मदत होत असावी, असं त्यांचं म्हणणं. आम्ही घरी हे पाळतो. आल्यावर अर्धा तास कुणी कुणाला काही विचारायचं नाही.

रात्रपाळी

खडूफळा, प्रेमाने विचारते. तो अर्धा तास दोघांनाही मिळतो ना? आमच्या विभागातल्या बहुतेक जणी पर्स खाली ठेवायच्या आत कामाला लागतात.

खडूफळा

बरोबर प्रश्न. आमच्याकडे आलटून पालटून. जी/जो आधी येईल तो आधी बसतो, नंतर दुसऱ्याला सोडवतो. बायकोनेच हा नियम लावला.

कानसेन

सगळं वाचलं, आता माझे दोन पैसे. मी ग्राहकांच्या तक्रारी घेते, दिवसभर फोनवर. मला उलट दिशेचं सांगायचंय, म्हणजे घराने कामाला काय दिलं ते. माझा मुलगा अडखळत बोलतो. वाचा-उपचार तज्ज्ञांनी आम्हाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली: त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, थांबा. ते थांबणं अंगी बाणायला फार वेळ लागला. पण ते आलं आणि कामावर फरक पडला. चिडलेला ग्राहक मधे न तोडता पूर्ण बोलू दिला की निम्मा शांत होतो. माझ्या वरिष्ठांनी ते ऐकलं आणि नव्या मुलांना शिकवायला मला सांगितलं. मुलाला हे सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, 'माझ्यामुळे?' मी म्हटलं, हो, तुझ्यामुळे.

दुसरं, काठावरचीसाठी. शेली गेबल यांचं २००४चं काम आहे, जोडीदार चांगली बातमी सांगतो तेव्हा आपण काय करतो यावर. उत्सुकतेने प्रश्न विचारले तर सांगणाऱ्याचा आनंद वाढतो आणि नातंही घट्ट होतं. नुसतं 'अरे वा' म्हणून विषय बदलला तर तसं होत नाही. दुःखात साथ देणं आपल्याला सुचतं, आनंदात साथ द्यायचं राहून जातं. पण हे दोन्ही बाजूंनी हवं. तुमचा दिवस त्यांनी कधी विचारला?

काठावरची

चार दिवसांनी लिहितेय. कानसेन, विचारून बघितलं. आधी मी विचारलं, मग सरळ सांगितलं की आता तू मला विचार. तो खूप बोलला, मुलगाही शेजारी येऊन बसला आणि त्याने बाबाला विचारलेले प्रश्न माझ्यापेक्षा चांगले होते. माझ्या कामातलं एक किचकट प्रकरण त्याला पहिल्यांदाच कळलं.

आणि शनिवारी मुलाच्या सामन्याला तो आला नाही. बोलणं वाढलं, वेळ वाढला नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं मला आता दिसतंय. दुसऱ्यावर बोलणं बाकी आहे, आणि ते मी त्याच्याशीच बोलणार आहे.

पट्ट्यावरचा

मीही वाचत होतो. गणितींनी लाइनवर शेजारी कोण आहे असं लिहिलं होतं, ते डोक्यात राहिलं. आमच्या लाइनवर नवी पोरं येतात त्यांना मी शिकवतो. खोका कसा धरला की मनगट दुखत नाही, कुठे उभं राहायचं. ते कुणी सांगितलेलं काम नाही, पण त्या दिवशी घरी गेलं की बायको म्हणते आज बरे दिसताय. म्हणजे माझं रमणं खोक्यात नसेल, त्या शिकवण्यात आहे.

गणिती

पट्ट्यावरचा, मेल्विन कोन यांनी १९६०च्या दशकात एक गोष्ट मांडली होती. ज्यांच्या कामात सतत कुणाची तरी देखरेख असते ते पालक मुलांनी सांगितलेलं ऐकावं याला जास्त महत्त्व देतात, आणि ज्यांना कामात स्वतः ठरवता येतं ते मुलांनी स्वतः विचार करावा याला. तुम्ही नव्या पोरांना शिकवता तेव्हा काय आणि कसं ते तुम्हीच ठरवता. घरी मुलाशी बोलताना त्याचा फरक जाणवतो का?

पट्ट्यावरचा

मुलाला गणित शिकवताना मी 'आधी तू करून बघ' म्हणतो, तेच लाइनवर म्हणतो. आधी कुठे म्हणायला लागलो ते सांगता येणार नाही.

आमची खरी अडचण दुसरीच आहे. पुढच्या आठवड्याची पाळी शनिवारी रात्री कळते. मुलाला कशाचाच शब्द देता येत नाही. सिस्टर, तुमच्याकडे ती वही कशी चालते?

मधली_फळी

सिस्टर सांगतीलच, पण मागणी करताना हे हाताशी ठेवा. अमेरिकेत गॅप कंपनीच्या दुकानांत कामगारांच्या पाळ्या जास्त स्थिर आणि आधी कळतील अशा करून बघितल्या. अभ्यास जोन विल्यम्स, सुसान लॅम्बर्ट आणि सरवणन केसवन यांचा, २०१८ साली आला. त्या दुकानांची विक्री सुमारे ७ टक्क्यांनी वाढली आणि कामगारांची झोपही सुधारली. साहेबाला पहिला आकडा सांगा.

रात्रपाळी

पट्ट्यावरचा, सांगते. महिन्याचं वेळापत्रक आधीच्या महिन्याच्या वीस तारखेला लागतं. त्याआधी प्रत्येकीने वहीत नको असलेले जास्तीत जास्त तीन दिवस लिहायचे, कारण लिहायचं नाही. वेळापत्रक लागल्यावर बदल हवा असेल तर बदली माणूस स्वतः शोधायचा, वहीत दोघींच्या सह्या, इन्चार्जची सही शेवटी. एकीनेच सतत बदल्या घेऊ नयेत म्हणून महिन्याला दोनच. तुमच्याकडे महिन्याचं जमणार नसेल तर दोन आठवड्यांचं मागून बघा. आणि एकट्याने जाऊ नका, लाइनवरची चार जणं मिळून जा.

पट्ट्यावरचा

लिहून घेतलं. सोमवारी सुपरवायझरना भेटतोय, ज्यांना शिकवलं ती पोरं बरोबर येतो म्हणालीत.